निकोलाय चाउशेस्कूचे आत्मचरित्र (माहितीपट)

'निकोलाय चाउशेस्कूचे आत्मचरित्र' हा आंद्रेइ उजिका यांनी दिग्दर्शित केलेला रोमेनियन माहितीपट आहे. १९६५ ते १९८९ या काळात रोमेनियावर सत्ता गाजवणाऱ्या साम्यवादी हुकूमशहाचे जीवन तो केवळ जुन्या चित्रफितींच्या आधारे उभे करतो. तीन तासांच्या या चित्रपटात निवेदक नाही आणि मुलाखतीही नाहीत. २०१० च्या कान चित्रपट महोत्सवात तो स्पर्धेबाहेरच्या विभागात दाखवला गेला.

शीर्षक आणि निर्मिती

चाउशेस्कूने हे आत्मचरित्र लिहिलेले नाही. मात्र चित्रपटातील बहुतेक दृश्ये त्याच्याच राजवटीतील सरकारी छायाचित्रकारांनी, त्याच्या गौरवासाठी टिपलेली आहेत. स्वतःविषयी जगाला काय दिसावे हे त्यानेच ठरवले, या अर्थाने ते आत्मचरित्र ठरते. रोमेनियाचा राष्ट्रीय चित्रपट संग्रह आणि सरकारी दूरचित्रवाणी यांच्याकडील हजार तासांहून अधिक चित्रणातून हा चित्रपट घडला. संकलन दाना बुनेस्कू यांचे आहे. मूळ चित्रणाचा बराच भाग मूक होता. त्याला पावलांचे, टाळ्यांचे, वाऱ्याचे आवाज नंतर जोडण्यात आले. त्यामुळे हा निव्वळ 'कच्चा पुरावा' आहे असे समजणे चुकीचे ठरेल.

आशय

चित्रपटाची सुरुवात शेवटापासून होते. डिसेंबर १९८९ मध्ये तिर्गोविश्ते येथील लष्करी तळावर चाललेल्या खटल्यात चाउशेस्कू आणि त्याची पत्नी एलेना प्रश्नांची उत्तरे नाकारतात. आपण केवळ राष्ट्रीय संसदेलाच उत्तर देऊ, असे तो म्हणतो. तेथून कथानक १९६५ मधील गेओर्गिउ-देज यांच्या अंत्ययात्रेकडे वळते.

सर्वांत प्रभावी भाग १९६८ सालचा आहे. वॉर्सा करारातील फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्यावर २१ ऑगस्ट रोजी चाउशेस्कूने बुखारेस्टमधील पक्षकार्यालयाच्या सज्जातून या आक्रमणाचा जाहीर निषेध केला. त्या दिवशीचा जनसमुदायाचा उत्साह खरा होता. पुढच्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बुखारेस्टला आले, तर १९७८ मध्ये ब्रिटनच्या राणीने त्याचे लंडनमध्ये स्वागत केले. १९७१ च्या चीन व उत्तर कोरिया भेटीतील भव्य सामूहिक कवायती पाहताना पुढील व्यक्तिपूजेचे मूळ कोठे आहे ते जाणवते. मायदेशी परतल्यावर लवकरच त्याने सांस्कृतिक क्षेत्रावरील बंधने कडक केली. मधूनच व्हॉलीबॉल, शिकार अशी खासगी दृश्ये येतात. खेळात तो फारसा निपुण दिसत नाही.

१९७९ च्या पक्ष अधिवेशनातील प्रसंग वेगळा आहे. वृद्ध कार्यकर्ते कॉन्स्टँटिन पर्वुलेस्कू चाउशेस्कूच्या फेरनिवडीला उघड विरोध करतात आणि सभागृह त्यांचा आवाज घोषणांनी बुडवते.

मर्यादा

सरकारी कॅमेऱ्याने जे टाळले ते या चित्रपटातही जवळजवळ नाही. १९६६ च्या गर्भपातबंदीमुळे दगावलेल्या स्त्रिया, 'सेक्युरिताते' या गुप्त पोलीस दलाने छळलेले नागरिक, परकीय कर्ज फेडण्यासाठी १९८० च्या दशकात लादलेली अन्न आणि विजेची टंचाई यांचे चित्रण सरकारला नको होते. उलट, हुकूमशहा मालाने भरलेल्या दुकानांची पाहणी करताना दिसतो. हा इतिहास ज्याला ठाऊक नाही अशा प्रेक्षकाची दिशाभूल होऊ शकते, हा आक्षेप रास्त आहे. ज्याला तो ठाऊक आहे त्याला मात्र हीच दुकाने सर्वाधिक अस्वस्थ करतात.

राजवटीच्या पतनाचे चित्रण उजिका यांनी हारून फारोकी यांच्यासह केलेल्या 'व्हिडिओग्राम्स ऑफ अ रेव्होल्यूशन' (१९९२) या माहितीपटात आहे. २१ डिसेंबर १९८९ रोजी गर्दीच्या गोंगाटाने अडखळलेले चाउशेस्कूचे अखेरचे जाहीर भाषण त्यात पाहता येते.