एका किलोचा हिशेब

पटाला गेलेल्या माणसाची नजर आधी बैलांवर जाते. जोडीचा रंग, वशिंड, शिंगांची ठेवण, पायांतली चपळाई यांवर तासन् तास चर्चा चालते. मागे जोडलेल्या छकड्याकडे सहसा कुणी पाहत नाही. मला मात्र त्या छकड्याचे फार कुतूहल आहे. बैल किती पळेल हे त्याच्या रक्तावर, खुराकावर आणि सरावावर अवलंबून असते. पण पळताना त्याने मागे काय ओढायचे, हे सर्वस्वी माणूस ठरवतो.

माझे गाव किन्हीराजा. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले. पश्चिम महाराष्ट्रात जिला बैलगाडा शर्यत म्हणतात, तिला आमच्या वऱ्हाडात शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट सगळ्या विदर्भात नावाजलेला. सरळ धावपट्टी, दोन बैल, एक धुरकरी आणि निकाल सेकंदांच्या अंशांवर. पट्टी संपेपर्यंत प्रेक्षकांनी श्वास रोखून धरायचा, एवढाच हा खेळ.

आता घरातली कामाची बंडी आठवा. बाभळीची जाडजूड चाके, त्यांवर लोखंडी धाव, भक्कम आस, वर साटा. कापूस, कडबा, शेणखत, प्रसंगी दगडसुद्धा वाहायचे, म्हणून तिची बांधणीच जड. पटाचा छकडा म्हणजे या बंडीतून जे जे काढता येईल ते काढून उरलेला सांगाडा. साटा गेला, त्या जागी धुरकऱ्यापुरता आधार राहिला. आऱ्या बारीक झाल्या, दांड्या तासल्या गेल्या. ओल्या लाकडात पाण्याचेच वजन बरेच असते, म्हणून जाणता सुतार चांगले वाळलेले लाकूड निवडतो. कुठे लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि रबरी चाकेही आली. धुरकरीही अंगाने सडसडीत शोधायचा, कारण त्याचे वजनही शेवटी बैलांनाच ओढायचे असते.

यातली खरी गंमत चाकात आहे. चाक दोन कामे करते: गाडीबरोबर पुढे जाते आणि स्वतःभोवती फिरते. बैलाला दोन्हींसाठी जोर लावावा लागतो. त्यामुळे चाकाच्या कडेवरचे एक किलो वजन वेग घेताना सांगाड्यावरच्या जवळजवळ दोन किलोंइतके जाणवते. धावेतून दोन किलो कमी करणे म्हणजे दांडीतून चार किलो कमी करण्यासारखे. भौतिकशास्त्राचे पुस्तक न उघडताही जुन्या कारागिरांनी आधी चाकालाच हात का घातला, त्याचे उत्तर यात आहे.

हेच वेड जगाच्या दुसऱ्या टोकालाही आहे. अमेरिकेत बर्फावर चालणारी स्नोमोबाइल नावाची वाहने आहेत. पुढे दोन सरकत्या पट्ट्या आणि मागे फिरणारा रबरी पट्टा. मिनेसोटा राज्यात सप्टेंबर महिन्यात, बर्फ पडण्याआधीच, ती चक्क गवतावर पळवतात. सरळ पट्टी, थोडे अंतर, डोळ्यांचे पाते लवण्याआधी निकाल. तिथले शौकीन दिवे काढतात, पोलादाऐवजी ॲल्युमिनियम लावतात, बोल्टसुद्धा टायटॅनियमचे घालतात. आपला सुतार रंधा चालवतो, ते खिसा रिकामा करतात. सूत्र एकच. लावलेले बळ तेवढेच ठेवून वस्तुमान कमी केले, की वेग लवकर पकडता येतो.

पण याच सूत्राची दुसरी बाजूही आहे. वजन कमी करायचे नसेल, तर बळ वाढवावे लागते. यंत्रात त्यासाठी इंजिन बदलतात. बैलाच्या बाबतीत माणसाने अनेकदा सोपा मार्ग धरला. तुतारीचे टोक, चाबूक, शेपटीचा पिरगळा, आणि कुठे कुठे विजेचा झटकासुद्धा. वेदनेतून काढलेले ते बळ होते. याच क्रौर्याकडे बोट दाखवून ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तामिळनाडू व कर्नाटकाबरोबर महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरवला. मात्र ही परवानगी बिनशर्त नाही. धावपट्टी हजार मीटरपेक्षा लांब नको, चाबूक-पराणी नको, बैलाला इजा नको. नियम मोडला तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मला वाटते, या निकालाचा खरा अर्थ सुताराच्या अंगणात लागायला हवा. तुतारी खाली ठेवल्यावर वेग वाढवायचे प्रामाणिक मार्ग थोडेच उरतात: खुराक, सराव, जोडीचा मेळ आणि हलका छकडा. पहिल्या तिन्हींना महिने-वर्षे लागतात. चौथा मार्ग रंध्याच्या धारेवर आहे. एक किलो वजन उतरवले, म्हणजे बैलाला एक टोचणी कमी, असा हिशेब मांडायला काय हरकत आहे?

अर्थात हलकेपणालाही मर्यादा हवी. नको तितकी तासलेली आस भर वेगात मोडली, तर धुरकरी चाकाखाली जातो आणि बैलांचे पाय अडकतात. भार मागे गेला तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पुढे आला तर तोच भार मानेवर बसतो. म्हणून नुसते वजन घटवून भागत नाही, उरलेले वजन नेमके आसावर तोलावे लागते. फॉर्म्युला वनसारख्या अब्जावधींच्या खेळातही गाडी वाटेल तितकी हलकी करू देत नाहीत. २०२५ च्या हंगामात तिथे चालकासह किमान ८०० किलो वजनाची अट होती. पटाच्या पंचांनीही मैदानावर एक वजनकाटा ठेवावा. किमान वजन ठरवावे, आस आणि चाके तपासावीत, मगच जोडी सोडावी. घड्याळ सेकंदाचा अंश मोजते, मग काट्याने किलो मोजायला काय अडचण आहे?

आणि एक प्रश्न मला सतत सतावतो. पटाच्या बैलामागचा भार कमी करण्यासाठी आपण इतके डोके चालवतो, मग रोज राबणाऱ्या बैलाचे काय? बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी सत्तरच्या दशकात देशातल्या बैलगाडीचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा अनेकांना नवल वाटले होते. त्यांचे म्हणणे साधे होते. जड गाडी, घर्षणाने अडणारी चाके आणि मान सोलणारे जू यांमुळे बैलाची बरीच ताकद वाया जाते, आणि तो विनाकारण सोसतो. रबरी चाकांच्या बंड्या आल्या, पण गाडी सोपी झाली की आपण तीवर आणखी पोती टाकतो, हाही अनुभव आहे. ऊसतोडीच्या दिवसांत डांबरी रस्त्यावर घसरणारे बैल पाहिले की हे पटते. तिथे टाळ्या नाहीत, बक्षीस नाही, म्हणून त्या किलोंचा हिशेबही कुणी ठेवत नाही.

ट्रॅक्टर आल्यापासून दावणीला बैल कमी झाले. जे उरले, त्यांच्यावर प्रेम असल्याचे आपण सांगतो आणि ते खोटेही नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा शेकतो, हळद-लोणी लावून चोळतो. वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्याची ती माफी असते. छकडा हलका करणाऱ्या सुताराची नजर आणि तो रंधा वर्षभर आपल्या बंडीवर, जुवावर आणि भरल्या पोत्यांवर फिरला, तर पोळ्याला मागायची माफी थोडी कमी होईल.