गर्भवतीचा रुबेला व नवजात बालक

व्यापारी माणसास एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. मोठी खोट सहसा सांगून येत नाही. जी रक्कम क्षुल्लक समजून कोणी खात्यावर मांडलीच नाही, तीच पुष्कळदा वर्षाअखेर ताळेबंद बिघडविते. रोगांच्या बाबतीतही असेच घडते. पटकी, प्लेग, देवी ह्यांची नुसती नावे ऐकून आपले वाडवडील सावध होत असत. परंतु ज्या रोगात माणूस दोन दिवसही अंथरूण धरीत नाही, त्याची आठवण कोण ठेवणार? रुबेला हा असा एक रोग आहे. ह्यासच जर्मन गोवर असेही म्हणतात.

रुबेला हा विषाणूमुळे होणारा सांसर्गिक रोग असून तो खोकल्या-शिंकेतील सूक्ष्म तुषारांवाटे पसरतो. संसर्ग झाल्यावर सुमारे दोन ते अडीच आठवड्यांनी बारीक ताप येतो, कानामागील व मानेवरील गाठी सुजतात आणि तोंडावर बारीक गुलाबी पुरळ उठून ती अंगभर पसरते. तीन दिवसांत सारे निवळते. कित्येकांच्या अंगावर तर पुरळ उठतच नाही. शिवाय पुरळ दिसण्यापूर्वी सुमारे एक आठवडा रोगी दुसऱ्यास संसर्ग देऊ शकतो. मुलांना व पुरुषांना ह्यापासून सहसा काही अपाय होत नाही. मग ह्या रोगाची एवढी चिंता का करावी? ह्याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील एका नेत्रवैद्याने प्रथम दिले.

सिडनी येथील डॉ. नॉर्मन ग्रेग ह्यांच्याकडे १९४१ साली जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही मुले एकामागून एक येऊ लागली. मोतीबिंदू हा वृद्धांचा विकार. तो जन्मतः क्वचितच आढळतो, आणि आढळला तर पुष्कळदा घराण्यातून आलेला असतो. परंतु ही बालके निरनिराळ्या कुटुंबांतील होती आणि अशी इतकी बालके एकाच सुमारास जन्मावीत ह्यास आनुवंशिकता हे कारण पुरेसे नव्हते. आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या माता गरोदरपणी आलेल्या रुबेलाविषयी आपसात बोलत होत्या व ते बोलणे ग्रेग ह्यांच्या कानी पडले, असे सांगतात. त्यांनी ते बायकांच्या गप्पा म्हणून सोडून दिले नाही. त्यांनी विचारपूस केली, इतर नेत्रवैद्यांकडूनही माहिती मागविली आणि ७८ बालकांची नोंद जमविली. त्यांपैकी ६८ मातांना गर्भारपणी रुबेला होऊन गेला होता व तोही बहुधा पहिल्या दोन महिन्यांत. ह्यांतील अनेक बालकांच्या हृदयातही दोष होता. ऑक्टोबर १९४१ मध्ये मेलबर्न येथे त्यांनी हा निष्कर्ष नेत्रवैद्यांच्या सभेपुढे मांडला.

सर्वांना तो लगेच पटला नाही. लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या नामांकित वैद्यकीय पत्राने १९४४ सालीही हा पुरावा अपुरा ठरविला. अखेरीस निकाल लागला तो जुन्या दप्तरांवरून. ओलिव्हर लँकेस्टर ह्या संख्याशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाच्या १९११ पासूनच्या शिरगणत्या तपासल्या, तेव्हा बहिऱ्या माणसांची संख्या काही विशिष्ट जन्मवर्षांत, उदाहरणार्थ १८९९ च्या आसपास, एकाएकी फुगलेली दिसली. त्या काळी रुबेलाच्या साथी येऊन गेल्या होत्या. लँकेस्टर ह्यांचे हे काम १९५१ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या शतकापूर्वीची खोट जुन्या वह्यांत मांडून ठेवलेली होती. ती जुळवून पाहणारा मात्र तोवर कोणी भेटला नव्हता.

हा अपाय कसा होतो ते पाहू. मातेच्या रक्तातून विषाणू वारेत शिरतो व तेथून गर्भात जातो. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचे डोळे, कान, हृदय व मेंदू ह्यांची घडण चालू असते. विषाणू पेशींची वाढ मंदावितो, सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करितो आणि त्या वेळी जो अवयव घडत असेल तो अपुरा राहतो. पहिल्या १२ आठवड्यांत संसर्ग झाल्यास दहांपैकी आठ-नऊ गर्भांना तो बाधतो. २० आठवड्यांनंतर व्यंग येणे विरळ. काही वेळा गर्भपात होतो किंवा मूल मृत जन्मते. जगलेल्या बालकांत बहिरेपणा सर्वांत अधिक आढळतो. त्याशिवाय मोतीबिंदू, जन्मानंतर मिटावयाची हृदयाजवळील रक्तवाहिनी उघडी राहणे, डोके लहान राहणे, बुद्धीची वाढ खुंटणे हे दोषही दिसतात. दिवस राहिल्याचे पुष्कळ स्त्रियांना नीट समजण्यापूर्वीच हा घातकाळ सुरू झालेला असतो, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे.

एका साथीने केवढा अनर्थ होऊ शकतो हे अमेरिकेने १९६४-६५ मध्ये पाहिले. त्या वेळी तेथे सुमारे सव्वा कोटी लोकांना रुबेला झाला आणि अंदाजे २० हजार बालके जन्मजात दोष घेऊन जन्मास आली. त्यांतील ११ हजारांहून अधिक बहिरी होती व साडेतीन हजारांच्या आसपास अंध. १९६९ साली तेथे लस वापरात आली. पुढे उत्तर व दक्षिण अमेरिका खंडांत लसीकरण इतके नेटाने झाले की, २०१५ साली ते सारे खंड रुबेलाच्या स्थानिक प्रसारापासून मुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले.

आपल्याकडे गोवर व रुबेला ह्यांच्या एकत्रित लसीची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली. पहिल्या पाच प्रदेशांत कर्नाटक व गोवा होते. बेळगाव भागातील व गोव्यातील सभासदांच्या घरची शाळकरी मुले त्या वेळी शाळेतच टोचली गेली असतील. तेलंगणात ती मोहीम त्याच वर्षी व महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली. ह्या मोहिमेत ९ महिन्यांपासून १५ वर्षांखालील मुलामुलींना लस देण्यात आली. बालकांच्या नित्य लसीकरणातही आता ९ ते १२ महिने व १६ ते २४ महिने ह्या वयात तिच्या दोन मात्रा दिल्या जातात.

येथे थोडा हिशेब मांडू. २०१७ च्या प्रारंभी जिला १५ वर्षे पूर्ण झाली होती, म्हणजेच जी २००२ पूर्वी जन्मली, ती बेळगावची वा गोव्याची मुलगी ह्या मोहिमेबाहेर राहिली. आज आपल्या घरांत सुना म्हणून येणाऱ्या व लेकी म्हणून सासरी जाणाऱ्या अनेक मुली ह्याच वयाच्या आहेत. काहींनी खाजगी वैद्याकडे लस घेतली असेल, काहींना लहानपणी रोग होऊन जाऊन संरक्षण मिळाले असेल. परंतु अंगावर कधी पुरळ उठली होती हे आठवून ह्याचा निर्णय करिता येत नाही.

म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक कुटुंबाने कराव्यात. विवाह ठरलेल्या वा मूल व्हावे अशी इच्छा असलेल्या स्त्रीने लसीचा दाखला पाहावा. तो नसल्यास वैद्याचा सल्ला घ्यावा. रक्ततपासणीने संरक्षण आहे की नाही ते कळते. नसल्यास लस घ्यावी व त्यानंतर निदान एक महिना गर्भधारणा टाळावी. ह्या लसीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असल्यामुळे ती गर्भवतीस देत नाहीत. तिने ती बाळंतपणानंतर घ्यावी. गर्भवतीचा पुरळ आलेल्या माणसाशी संबंध आला, तर वाट न पाहता वैद्यास कळवावे. घरातील मुले व पुरुष ह्यांनी आपल्याला काही होत नाही म्हणून लस टाळू नये. दुकानात शेकडो माणसांशी संबंध येणाराच रोग घरी आणतो.

बाळ दोष घेऊन जन्मलेच, तर वेळ दवडू नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लवकर झाली तरच दृष्टीची वाढ नीट होते. ऐकण्याची तपासणी पहिल्या काही आठवड्यांतच करून घ्यावी. ‘मूल उशिरा बोलेल’ म्हणून दोन-तीन वर्षे थांबणाऱ्या घरांत मुलाचे भाषा शिकण्याचे मोलाचे दिवस फुकट जातात. अशा बालकाच्या शरीरातून वर्षभरापर्यंतही विषाणू बाहेर पडू शकतो. म्हणून लस न घेतलेल्या गर्भवतीने त्याच्या निकट जाऊ नये.

आणखी दोन विषाणूंची नोंद येथे करितो. मातेच्या रक्तात ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू असेल, तर प्रसूतीच्या वेळी तो बाळास लागतो व उपाय न केल्यास अशा दहांपैकी नऊ बाळांत तो जन्मभर ठाण मांडतो. म्हणून गर्भवतीची ही तपासणी करावी व बाळास जन्मानंतर २४ तासांच्या आत लस द्यावी. प्रसूतीच्या ऐन सुमारास मातेस कांजिण्या आल्यास त्याही नवजात बालकास धोक्याच्या असतात.

शेवटी एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. मूल सव्यंग जन्मले की अनेक घरांत दोष मातेच्या माथी येतो. तिने ग्रहण पाळले नाही, तिचा पायगुण वाईट, तिच्या माहेरच्या रक्तातच काही असेल, असे बोलले जाते. वास्तविक शेजारच्या मुलाच्या शिंकेतून आलेल्या तीन दिवसांच्या तापाचे हे देणे असू शकते, आणि ते टाळण्याचे साधन आज प्रत्येक गावी उपलब्ध आहे. सोयरीक जुळविताना आपण कुळ, शिक्षण व पेढी ह्यांची बारकाईने चौकशी करितो. तीतच लसीच्या एका दाखल्याची चौकशी, वधूची व वराचीही, सामील केली, तर येणाऱ्या पिढीचे मोठे हित साधेल.