पन्नास हजारांतला सिनेमा: धंद्याच्या नजरेने

आमच्या धरमतरला खाडीकाठी एक पडके गोदाम आहे. गेल्या महिन्यात ओळखीतला एक तरुण दुकानात येऊन म्हणाला, "चाचा, तिथे भुताचा विनोदी सिनेमा काढायचाय. पन्नास हजार द्या, वर्षाने साठ परत करतो." सिनेमाबद्दल आपल्या उलेमांचे मत काय आहे ते मला ठाऊक आहे, त्या वादात मी पडत नाही. पण हा प्रश्न पैशाचा आणि कारागिरीचाही आहे, म्हणून चार गोष्टी लिहितो.

कापडाच्या निमित्ताने मालेगाव आपल्याला परिचित आहे. तेथे शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात आणि कामगार सिनेमाकडे वळतो. शेख नासिर तेथे व्हिडिओ पार्लर चालवीत आणि लग्नाचे शूटिंगही करीत. सन २००० च्या सुमारास त्यांनी 'मालेगाव के शोले' काढला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. डाकूंना घोड्यांऐवजी सायकली दिल्या, कॅमेऱ्याची ट्रॉलीही सायकलच! पैशाची चणचण लपविण्यापेक्षा तीच हसण्याची वस्तू केली. खर्च भरून वर नफा राहिला, कारण माल बनविणारा आणि विकणारा एकच होता. मध्ये ना वितरक, ना दलाल. पार्लर स्वतःचे नसते तर हाच सिनेमा कपाटात पडून राहिला असता, असे माझे मत आहे.

पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' निघाला. त्याच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला. सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमाग कामगार होता. तो पुढे कर्करोगाने गेला. २०२५ मध्ये याच मंडळींवर रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' मोठ्या पडद्यावर आला.

भुताच्या मालाचे गणित वेगळे. रामसे मंडळींचे वडील मुंबईत रेडिओचे दुकान चालवीत. त्यांचा १९७० चा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण त्यातला मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरांचा चोरीचा प्रसंग लोकांना आवडतो, हे मुलांनी थिएटरात बसून टिपले. म्हणजे सगळा ताका बुडीत गेला, पण त्यातला कोणता तुकडा खपतो ते कळले. मग १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरला काढला. दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी ही कामे भावाभावांत वाटून घेतली, बाहेरची मजुरी वाचली. नामांकित नट नको, आलिशान सेट नको. अंधार पडला की भिंतीचा रंग कोण पाहतो? १९८४ चा 'पुराना मंदिर' तर लहान गावांतूनही तुफान चालला.

आता पार्लर गेले, कॅसेट गेली, सीडीही गेली. दुकान मोबाइलवर आहे. मालेगावच्याच छोटू दादाच्या विनोदी फिती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या आहेत. पण तेथे दुसऱ्याचे गाणे विनापरवाना घातले, तर फीत अडकते किंवा कमाई मूळ मालकाकडे जाते. 'शोले'ची नक्कल पार्लरमध्ये खपली म्हणून आज तसेच खपेल असे समजू नये.

तरुणाला मी सांगितले, पन्नासचे साठ हा सूद झाला, तो मला नको. मुदारबत कर. पैसा माझा, मेहनत तुझी, नफ्याचा वाटा आधी ठरवू, निम्मा-निम्मा. ठराविक रक्कम नव्हे, हिस्सा. तुझ्या कसुरीशिवाय तोटा आला तर पैसा माझा गेला, तुझी मेहनत गेली. करार लेखी. काम करणाऱ्या प्रत्येकाची मजुरी आणि संमती कागदावर. गोदामाच्या मालकाची परवानगी आधी. गाणे स्वतः बांधायचे.

तो जरा हिरमुसला. त्याला वाटले होते, चाचा एकतर पैसे देतील किंवा सरळ हाकलतील. दोन दिवसांनी परत आला तो खर्चाचा कागद घेऊन. त्यात जेवणाचा खर्चच धरला नव्हता! पंधरा माणसे, आठ रात्री. तो घालून कागद पुन्हा लिहिला. दहा हजार दिले आहेत, बाकीचे पहिल्या दोन रात्रींचे काम पाहून.