दोन टॉवर, एक दांडा

1965 सालच्या फोर्ड मस्टँगचं बॉनेट उघडलं की इंजिनाइतकेच नजरेत भरतात ते त्याच्या दोन्ही बाजूंचे पत्र्याचे भक्कम टॉवर. इंजिनाला दाटीवाटीने बसायला लावणारे हे टॉवर म्हणजेच या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनचा सगळा आधार. स्प्रिंग वरच्या आर्मवर उभी असते आणि तिचं वरचं टोक टॉवरच्या आत टेकतं. शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिथेच अडकवलेला आणि आर्मची बिजागरीही टॉवरच्याच भिंतीला. त्यामुळे गाडीच्या पुढच्या बाजूचं वजन, खड्ड्यांचे दणके, वळणावरचा रेटा, सगळं शेवटी या पत्र्यावर येतं.

मस्टँगला वेगळी चॅसी नाही; सगळा भार बॉडीच्या पत्र्यावरच. 17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली तेव्हा तिची किंमत 2,368 डॉलरपासून सुरू होत होती. ती इतकी कमी ठेवता आली, कारण खालचा बराचसा भाग फोर्डच्याच फाल्कन या साध्या घरगुती गाडीकडून घेतला होता. फाल्कन बेतली होती हलक्या सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी, आणि मस्टँगमध्ये व्ही-8 बसू लागलं. कारखान्यातून गाडी निघायची तेव्हा प्रत्येक टॉवरपासून मागच्या काउलपर्यंत, म्हणजे पुढच्या काचेखालच्या पत्र्यापर्यंत, पत्र्याचा एकेक आधार दिलेला असे. टॉवर पुढे-मागे हलू नये एवढं काम तो चोख करी. पण दोन्ही टॉवर एकमेकांकडे झुकू लागले तर त्यांना रोखणारं मध्ये काहीच नव्हतं. माझ्या मते त्या आखणीतली खरी उणीव हीच.

फोर्डला याची जाण होती. अमेरिकेबाहेर जाणाऱ्या गाड्यांना वाईट रस्ते भेटणार हे धरून त्या दोन सुट्या आधारांच्या जागी एकच अखंड तुकडा बसवला जाई. त्याचं मागचं टोक काउलला आणि पुढची दोन टोकं दोन टॉवरना. हाच ‘एक्स्पोर्ट ब्रेस’. कौलारू घराच्या छपराला कैची जे देते तेच हा देतो: चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. दुसरा तुकडा म्हणजे टॉवरांच्या जवळ, इंजिनावरून आडवा जाणारा दांडा. त्याला ‘माँटे कार्लो बार’ म्हणतात. नाव आलं ते माँटे कार्लो रॅलीवरून. बर्फाळ आल्प्समधल्या त्या शर्यतीत फोर्डने व्ही-8 फाल्कन उतरवल्या होत्या, आणि 1964 साली स्वीडनचा बो ल्युंगफेल्ट त्यातल्या एका गाडीत दुसरा आला. पहिली आली ती पॅडी हॉपकर्कची इवलीशी मिनी कूपर.

हे दोन्ही तुकडे एकत्र बसलेले दिसतात ते कॅरोल शेल्बीने शर्यतीसाठी मस्टँगपासून बनवलेल्या जीटी 350 मध्ये. मस्टँगला अमेरिकेतल्या शर्यतींत ‘स्पोर्ट्स कार’ म्हणून उतरायचं तर ती दोन आसनीच हवी होती. म्हणून शेल्बीने मागची सीट काढून टाकली, वरच्या आर्मची बिजागरी खाली आणली आणि बॉनेटखाली ब्रेस व बार दोन्ही घातले. आज जुनी मस्टँग हौसेने सांभाळणारे लोक हे दोन तुकडे बाजारातून आणून बसवतात, तेव्हा ते शेल्बीचाच कित्ता गिरवत असतात.

काम कागदावर अर्ध्या तासाचं आहे. जुने आधार सोडायचे, नवा ब्रेस ठेवायचा, बोल्ट आवळायचे. प्रत्यक्षात मात्र पहिली बाजू बसते आणि दुसऱ्या बाजूचं भोक बोल्टाला भेटत नाही. साठ वर्षं स्प्रिंगचा भार सोसून टॉवर आत झुकलेले असतात. चाकाचा वरचा भाग आत कललेला असतो, शिम घालूनही अलाइनमेंट मनासारखी जमत नाही, त्याचं कारण अनेकदा इथेच सापडतं. अशा वेळी भोक कानशीने लांबवून ब्रेस कसाबसा चढवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. तसं केलं की वाकलेली गाडी वाकलेलीच जखडली जाते. नवा दांडा फक्त धरून ठेवतो, सरळ करत नाही.

म्हणून पाना हातात घेण्याआधी टेप हातात घ्यावी. टॉवर ते टॉवर अंतर मोजावं, मग कर्णरेषा मोजाव्यात. तेल-चिखलाचा थर आणि जुनं अंडरकोटिंग खरवडून आर्मच्या बोल्टांभोवतीचा पत्रा उघडा करावा, कारण केसासारखे तडे तिथेच लपतात. तडा सापडला तर आधी वेल्डिंग, ब्रेस नंतर. पत्रा सुदृढ असेल तर पुढचा भाग फ्रेमखाली स्टँडवर उचलून चाकं लोंबती ठेवावीत. स्प्रिंगचा जोर उतरतो आणि मग दोन टॉवरांमध्ये स्क्रू जॅक आडवा लावून थोडं थोडं फाकवता येतं. घाई केली तर पत्रा भलतीकडेच वाकतो. भोकं जुळली की सगळे बोल्ट आधी बोटाने लावायचे, मग आळीपाळीने आवळायचे. एक बाजू पूर्ण कसून दुसरीकडे वळलं की तुकड्यात ताण राहून जातो.

खरेदीतही पारख लागते. लहान व्ही-8 मध्ये डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या पुढच्या टोकाला असतो, त्यामुळे सरळ बार त्याच्या टोपीला लागतो का हे आधी बघावं. वाकवलेला बार अशा अडचणीसाठीच मिळतो. आटे फिरवून लांबी बदलता येणारे बारही मिळतात, आणि त्यांनीच टॉवर फाकवण्याचा मोह अनेकांना होतो. मी तसं करणार नाही. फाकवण्याचं काम जॅकचं, आणि बार त्यानंतर आपल्या मापात बसायला हवा. अखंड दाबलेल्या पत्र्याचा साधा ब्रेस दिसायला ओबडधोबड असतो, पण माझी पसंती त्यालाच.

ब्रेस बसल्यावर अलाइनमेंट नव्याने करून घ्यावीच लागते, कारण टॉवर जागेवर आले म्हणजे चाकाचे कोनही बदलतात. शंभरेक किलोमीटर चालवून सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत. ब्रेस लावल्यावर बॉनेटखाली हात घालायला जागा कमी होते, इंजिन वर काढायचं तर आधी तो उतरवावा लागतो, ही गैरसोय खरी. पण खडबडीत वळणावर स्टीअरिंग एकदा वळवल्यावर गाडी जिथे नेली तिथेच जाते, पुढचा भाग आपला आपण विचार करत नाही.