शेपूट ठेवायचं की कापायचं? आणि छेदात काय लिहायचं?

मागच्या मे महिन्यात कुडाळहून मावसभावाचा फोन आला. काजूच्या बागेत राखणीला डॉबरमन घ्यायचं ठरलं होतं. पिल्लं जन्मून दोनच दिवस झाले होते आणि ब्रीडरला उत्तर हवं होतं. "तू सायन्सवालो मां? मग सांग, शेपटी ठेवूची की कापूची?"

माझी पीएचडी खाडीतल्या खेकड्यांवर आहे, ही गोष्ट आमच्या घरात अजून कोणी मनावर घेतलेली नाही. पण प्रश्न चांगला होता आणि वेळ कमी होता, कारण डॉकिंग, म्हणजे शेपूट छाटणं, सहसा जन्मानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच करतात. मालवणला खोलीवर येऊन रात्री वाचायला बसलो. त्या रात्री जे सापडलं ते तुम्हाला सांगतो, कारण लिटरेचर रिव्ह्यू करताना हीच अडचण तुम्हालाही येणार आहे.

आधी ब्रीड स्टँडर्ड बघू. एखाद्या जातीचा कुत्रा कसा दिसावा याचं लेखी वर्णन म्हणजे ब्रीड स्टँडर्ड. शोमधला परीक्षक त्याच्याशी ताडून गुण देतो. एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९४ च्या डॉबरमन स्टँडर्डमध्ये शेपूट आखूड कापलेलं, दोन मणके दिसतील एवढं, असं होतं. जिथे कायदा कापू देत नाही तिथे नैसर्गिक चालेल, अशी पुस्ती खाली जोडलेली. २०१५ च्या स्टँडर्डमध्ये हे उलटलं: शेपूट नैसर्गिक, किंचित बाक देऊन वर धरलेलं. अमेरिकन केनेल क्लबचं स्टँडर्ड मात्र अजून दुसऱ्या सांध्याजवळ कापलेलंच शेपूट सांगतं. कुत्रा तोच. म्हणजे स्टँडर्ड हे जीवशास्त्रातलं सत्य नाही, तो माणसांनी केलेला ठराव आहे.

पण या ठरावाचे जीवशास्त्रीय परिणाम होतात. शंभर वर्षं सगळ्यांची शेपटं कापत राहिलात तर शेपटीवर निवडच होत नाही. जाड, बारीक, सरळ, पाठीवर वळलेली, सगळी जनुकं पुढच्या पिढीत बिनबोभाट जातात. कापणं थांबलं की ही विविधता एकदम दिसायला लागते, आणि स्टँडर्ड लिहिणाऱ्यांना पहिल्यांदाच ठरवावं लागतं की या जातीचं शेपूट नक्की कसं असतं!

काही कुत्री जन्मतःच आखूड शेपटीची असतात. पेम्ब्रोक कॉर्गीत त्यामागे 'टी' जनुकातला एक बदल आहे, हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. त्याची एक प्रत आली तर शेपूट आखूड. दोन्ही प्रती आल्या तर पिल्लू गर्भातच मरतं. ब्रिटनमधले ब्रूस कॅटनॅक हे जनुकशास्त्रज्ञही होते आणि बॉक्सर पाळणारेही. त्यांनी १९९०च्या दशकात बॉक्सर आणि कॉर्गीचा संकर करून, नंतर पुन्हा पुन्हा बॉक्सरशी जुळवून, आखूड शेपटीचे बॉक्सर तयार केले. म्हणजे स्टँडर्डमधल्या एका ओळीसाठी दुसऱ्या जातीतून जनुक आणलं.

आता मुख्य मुद्दा. डॉकिंगच्या बाजूचे म्हणतात, शेपूट ठेवलं तर जखमा होतात. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात पशुवैद्यांकडे आलेली १,३८,२१२ कुत्री मोजली, त्यांत शेपटीला जखम असलेली २८१. धोका सुमारे ०.२३ टक्के. (सरळ भागाकार केलात तर ०.२० येईल. नमुना कसा घेतला ते हिशोबात धरून लेखकांनी भारित आकडा दिला आहे. असं दिसलं की पद्धतीचा भाग वाचा, लगेच चूक काढू नका.) निष्कर्ष असा की एक जखम टाळायला सुमारे ५०० कुत्र्यांची शेपटं कापावी लागतील.

मग २०१४ चा स्कॉटलंडमधला अभ्यास उघडला. तिथे न कापलेल्या स्पॅनियलपैकी ५६.६ टक्के कुत्र्यांना एकाच हंगामात शेपटीची जखम झालेली. एक जखम टाळायला २ ते १८ कुत्र्यांची शेपटं कापली तरी पुरे.

कुठे ५०० आणि कुठे २? कोणी खोटं बोलतंय का? नाही. पहिल्या अभ्यासाच्या छेदात दवाखान्यात आलेली सगळी कुत्री आहेत, सोफ्यावर झोपणारीसुद्धा. दुसऱ्यात फक्त शिकारीवर झुडपांत घुसणारी कामाची कुत्री, आणि माहिती मालकांनी सर्वेक्षणात भरलेली. ज्याच्या कुत्र्याला जखम झाली तो असा फॉर्म हौसेने भरतो, हे लक्षात घ्या. शिवाय जखमेची व्याख्याही वेगळी. डॉक्टरकडे न्यावी लागली ती, की घरी हळद लावून भागली तीसुद्धा? स्कॉटलंडने २०१७ मध्ये कामाच्या स्पॅनियल आणि काही शिकारी जातींपुरती एक तृतीयांशापर्यंत शेपूट कापायची परवानगी दिली, ती या दुसऱ्या छेदाकडे बघून.

हे भावाला सांगितलं तर म्हणाला, "आमच्याकडे करवंदीच्यो जाळी आसत त्येचा काय?" आक्षेप अगदी योग्य होता. पण त्याचा कुत्रा जाळीत ससे उठवणार नव्हता, काजूच्या गोदामापुढे बसणार होता.

नखांचंही असंच. पायाच्या आतल्या बाजूला, वर असतं ते अंगठ्याचं नख, म्हणजे ड्यूक्लॉ. पुढच्या पायांचं हाडाला धरून असतं, हाड धरून चावताना आणि वेगात वळताना कामी येतं. मागच्या पायांना बहुतेक कुत्र्यांत ते नसतंच, म्हणून एकूण नखं अठरा. मागेही असेल तर आपल्याकडे त्या कुत्र्याला वीसनखी म्हणतात आणि तो जास्त तिखट मानतात. कित्येक जातींत हे मागचं नख पिल्लूपणीच काढून टाकतात, आणि फ्रान्सच्या बोसरॉनला मागे दुहेरी नख नसेल तर तो शोमधून बाद!

कायद्याबद्दलही विचारतील म्हणून सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याचा अवयव छाटणं हा गुन्हा आहे. शिंगं काढणं, खच्चीकरण, डागणं, वेसण घालणं यांना सूट आहे, त्या यादीत शेपूट नाही. पण एवढं वाचून 'बंदी आहे' असं लिहून मोकळे होऊ नका. व्हेटर्नरी कौन्सिलने २०११ मध्ये डॉकिंगविरुद्ध काढलेलं पत्र मद्रास उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केलं. मूळ कलम, त्यावरचं पत्र आणि त्यावरचा निकाल, तिन्ही वाचायचे.

पहाटे भावाला मेसेज केला: ठेव. त्याने ब्रीडरला कळवलं. ब्रीडरचं म्हणणं पडलं की शेपटीवाला डॉबरमन पुढे कोणी विकत घेणार नाही. भाऊ म्हणाला, विकूचो कोणाक हा?

जुलैत पिल्लू घरी आलं. शेपटीने पहिल्याच दिवशी चहाचा कप उडवला. मावशीने त्याला मांडीवर घेऊन नखं मोजली, दोनदा मोजली. अठराच भरली, तेव्हा जरा हिरमुसली.