मल्लखांबाचे शिक्षण आणि अर्धशक्तीचा विचार

औषधाची मात्रा, काल व अनुपान आपण रुग्णास काटेकोरपणे सांगतो आणि चिकित्सापत्राच्या शेवटी 'व्यायाम करावा' एवढेच लिहून मोकळे होतो. आम्हीही अनेक वर्षे हेच करीत आलो. अकोल्याकडील एका तरुण रुग्णाने आमची ही सवय मोडली. पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याची तयारी तो ऐन वैशाखात करीत होता. नाकातून रक्त येते, कोरडा खोकला आहे, वजन उतरते आहे, अशी त्याची तक्रार होती. आम्ही अडुळसा दिला, पथ्य सांगितले. तात्पुरता उपशय मिळे आणि पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस आम्ही त्याची दिनचर्या विचारली, तेव्हा तो सकाळ-संध्याकाळ उर फुटेस्तोवर धावतो, असे कळले. तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, कास ही अतिव्यायामाची लक्षणे वाग्भटाचार्यांनी ओळीने सांगितली आहेत. ती आम्हांस मुखोद्गत होती. पण रुग्णासमोर आठवली नाहीत.

या प्रसंगानंतर आमचे लक्ष अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे वळले. अनंत कृष्ण वैद्य व अंबादास कृष्ण वैद्य या बंधूंनी १९१४ साली लावलेले हे रोपटे. आडनाव वैद्य आणि व्रत मात्र व्यायामशिक्षकाचे, याचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटते. आखाड्यातील विद्या एका वस्तादाबरोबर संपू नये, तिचे शिक्षक घडावेत, ही त्यांच्या कार्याची दिशा होती. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. वऱ्हाडातील एका गावच्या आखाड्याने एवढा पल्ला गाठला, तो शिकविण्याच्या शिस्तीमुळे, असे आमचे मत आहे.

मल्लखांब ही विद्याही अशीच शिक्षकपरंपरेने आली. बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात तिचा उल्लेख आढळतो. पुढे ती मागे पडली. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. ते स्वतः कसलेले मल्ल, आणि तितकेच थोर गुरू. खांबास एरंडेल लावतात, हे औषधी दुकानदार बंधूंस ठाऊक असेलच. खांबाशी होणारे अंगाचे घर्षण त्याने कमी होते. साधी अढी घालताना मुलाची मांडी, पोट, छाती खांबाला भिडते आणि कोणता स्नायू आवळायचा, कोणता सैल सोडायचा, हे त्याला स्पर्शानेच कळू लागते. खांबावर नुसते बळ चालत नाही. श्वास बिघडला की पकड सुटते. जाणते शिक्षक मुलाच्या कसरतीइतकेच त्याच्या मुखाकडे पाहतात. धाप लागताच त्याला खाली उतरवितात.

सुश्रुताचार्यांनी अर्धशक्तीचे लक्षण हेच दिले आहे. व्यायाम करताना हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, की अर्धे बळ खर्ची पडले असे समजावे. वाग्भटाचार्य त्याला ऋतूची जोड देतात. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने, इतर ऋतूंत त्याहूनही मंद व्यायाम करावा आणि त्यानंतर अंगमर्दन करावे. ज्या अकोल्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेथील ग्रीष्मात या वचनाचे मोल काय सांगावे! आणि आपल्याकडे मुलांची शिबिरे भरतात ती नेमकी सुटीत, म्हणजे उन्हाळ्यात. वाग्भटाचार्यांनी बालकांस व अजीर्ण असणाऱ्यांस व्यायाम वर्ज्यच सांगितला आहे. शाळकरी मुलांना तो निषेध जसाच्या तसा लावावा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु शिबिराला जाणाऱ्या मुलाची भूक व झोप आपण विचारावी.

औषधी दुकानांतही हीच मुले 'ताकदीचे काहीतरी द्या' म्हणत येतात. अश्वगंधेचा डबा हातात देण्यापूर्वी दुकानदारांनी दोन प्रश्न विचारावेत : किती धावतोस, आणि कोणत्या वेळी? नाकातून रक्त येत असेल, तर विक्री थांबवून त्याला वैद्याकडे पाठवावे.

आमच्या त्या रुग्णाचे धावणे आम्ही पंधरा दिवस पूर्ण बंद ठेवले. तो नाराज झाला. भरती तोंडावर होती. नंतर पहाटे, तोंडाने श्वास घ्यावा लागताच थांबायचे, या अटीवर सुरुवात केली. तुपाचे प्रमाण वाढविले, रात्री तिळतेलाचा अभ्यंग सांगितला. रक्तस्राव पुन्हा झाला नाही. त्या वर्षीची भरती मात्र त्याची हुकली, आणि याचा काही दोष आमच्या पहिल्या दोन चिकित्सापत्रांकडे जातो.