बारा हेर, एक निरीक्षण, दोन निष्कर्ष

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी विषय-निवडीचा अहवाल लिहिला होता. पन्नासेक पेपर वाचले आणि शेवटी लिहिलं, "यावर मोठ्या लॅब काम करत आहेत, आपल्याला जमणार नाही." गाइडनी त्या ओळीखाली रेघ मारून विचारलं, "हे कुठल्या पेपरात वाचलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नेमकं काय चुकलं होतं, ते नंतर ज्यूंच्या तोरा-वाचनातली एक कथा वाचताना कळलं.

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. त्यांचे ५४ भाग आहेत. दर शनिवारी सिनेगॉगमध्ये एक, कधी दोन भाग वाचून वर्षभरात तोरा पूर्ण होते. मुंबई-रायगडच्या बेने इस्रायलांच्या सिनेगॉगमध्येही हेच वाचन चालतं. त्यातला 'शलाख' हा भाग 'गणना' पुस्तकाच्या १३ ते १५ या अध्यायांत येतो.

कथा अशी. इजिप्तच्या गुलामीतून सुटलेले इस्रायली कनान देशाच्या सीमेजवळ आलेत. मोशे प्रत्येक वंशातला एक, असे १२ जण पाहणीला पाठवतो. प्रश्न नेमके ठरवून देतो: लोक बलवान की दुबळे? थोडे की पुष्कळ? गावांना तट आहे का? जमीन कशी आहे? येताना फळंही आणा. म्हणजे प्रश्नावली आणि नमुने, दोन्ही!

४० दिवसांनी सगळे परततात. द्राक्षांचा घड एवढा मोठा, की दोघांनी काठीवर वाहून आणलेला. जमीन सुपीक, पण लोक धिप्पाड आणि शहरं तटबंदीची. इथपर्यंत कोणाचंच दुमत नाही. पुढे मात्र दहा जण म्हणतात, जमणार नाही. आम्ही स्वतःला नाकतोड्यांसारखे वाटलो आणि त्यांनाही तसेच दिसलो.

इथे थांबा. 'आम्हाला तसं वाटलं' हे प्रामाणिक आहे. पण 'त्यांनाही तसेच दिसलो' हे कोणाला विचारलं होतं? डेटा कुठे आहे? माझी ती शेवटची ओळ याच जातीची होती.

कालेब आणि यहोशवा धिप्पाड माणसं नाकारत नाहीत. ते म्हणतात, तरीही जाऊ या. त्यांची श्रद्धा हवेतली नाही; इजिप्तमधून झालेली सुटका त्यांनी स्वतः पाहिलेली आहे. लोक मात्र दहा जणांचं ऐकतात आणि ४० वर्षं रानात काढतात.

गंमत म्हणजे या भागासोबत यहोशवाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचतात. त्यात पुढच्या पिढीचे दोन हेर यरीहोत जातात आणि राहाब नावाची बाई त्यांना सांगते, की इथले लोकच तुमच्या भीतीने गळाठले आहेत. न मोजलेल्या गोष्टीचं उत्तर इतक्या उशिरा मिळालं!

पण घाईलाही धाडस म्हणू नका. शिक्षा ऐकल्यावर काही जण दुसऱ्याच दिवशी, मोशे नको म्हणत असताना, डोंगरावर चालून गेले आणि मार खाऊन आले.

तर तुमचा सिनॉप्सिस काढा. दोन रकाने करा: 'पाहिलं' आणि 'वाटलं'. 'जमणार नाही' कुठल्या रकान्यात पडतं, ते बघा. दुसऱ्यात पडलं तर विषय सोडण्याआधी एक छोटा प्रयोग करा, किंवा त्या लॅबला सरळ मेल टाका. मी टाकला होता. चौथ्या दिवशी उत्तर आलं, सोबत त्यांचा प्रोटोकॉलही.